तळघरात आमचं काही नाही

४ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझा मसुदा मिळाला. भोंग्याने नेहमीप्रमाणे रुग्णवाहिकेच्या हत्यारपेटीतून, पान्यांच्या खालून काढून दिला. देताना म्हणाला, "ताई, साहेबांनी सांगितलंय, जरा घाई आहे." या माणसाला सगळे भोंगा का म्हणतात ते तुला आठवत असेल. त्याची गाडी बंद असली तरी तोंड चालू असतं. पण त्या दिवशी एवढं एकच वाक्य बोलून तो गप्प झाला. तुझ्या घाईची त्यालाही लाज वाटली असावी.

कॉलेजातल्या वादविवादापासून तुझं प्रत्येक भाषण आधी माझ्या हाताखालून गेलं आहे. श्वास कुठे घ्यायचा, आवाज कुठे चढवायचा, टाळी कुठे येईल, हे मी समासात लिहायचं आणि तू व्यासपीठावर ते आपलं म्हणून वापरायचं. मी रुग्णालयाच्या लॉन्ड्रीतल्या कामगारांची पुढारी झाले. पगारासाठी, हातमोज्यांसाठी, बाळंतपणाच्या रजेसाठी बोलत राहिले. तू मात्र इतिहासाशी बोलू लागलास. बोलता बोलता संघटनेचा प्रवक्ता झालास आणि सीमेपलीकडे, मित्रदेशाच्या राजधानीत, गालिचा घातलेल्या खोलीत जाऊन बसलास.

तर ही तीन पानं. मथळा: "त्या पहाटेच्या कारवाईच्या परिणामांचा प्रामाणिक आढावा." मी आईला मोठ्याने वाचून दाखवला. दुसऱ्या पानावर तिने मला थांबवलं.

"तो माफी मागतोय की कोणाला शिकवतोय?"

"दोन्हीचा आव आणतोय."

"मग ठेव ते बाजूला. माझ्या गुडघ्याला मलम लाव."

तुझं वाक्य आहे: "शत्रूच्या प्रतिक्रियेच्या तीव्रतेबाबत आमचा अंदाज अपुरा ठरला." तू हवामान खात्यात आहेस का रे? पाऊस जरा जास्त पडला, छत्र्या कमी पडल्या, अशा थाटात लिहिलं आहेस. तुमची माणसं पहाटे पूल ओलांडून पलीकडच्या गावात गेली. बसस्थानकावर कामाला निघालेले लोक डबे हातात घेऊन उभे होते, त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्यानंतर विमानं आली आणि अजून येत आहेत. तीन पानांत त्या डबेवाल्यांचा उल्लेख एका अक्षरानेही नाही. तुला दुःख आहे ते अंदाज चुकल्याचं. म्हणजे अंदाज बरोबर निघाला असता, त्यांनी थोडंच मारलं असतं, तर ती माणसं तुझ्या यशात जमा झाली असती. बरोबर ना?

आमच्यावर बॉम्ब टाकणाऱ्यांबद्दल मी काय म्हणते ते मी चौकात उभी राहून म्हणते. आजारी माणसांवर शौर्य गाजवणारे ते भेकड आहेत. पण त्यांना मी पत्र लिहीत नाही. ते माझ्या आईच्या पोटचे नाहीत.

आता मुद्द्याचं. मसुदा मी सुधारून देईन. त्याआधी तू माझं एक काम कर.

आमची इमारत तुला पाठ आहे. खाली लॉन्ड्री, पहिल्या मजल्यावर आम्हा कामगारांच्या खोल्या. दुसऱ्या मजल्यावर आता बाळंतिणी आहेत, कारण त्यांचा मूळचा वॉर्ड राहिलेला नाही. तळघरात साबणाच्या पावडरीची पोती असायची. गेल्या महिन्यात त्या पोत्यांच्या गाडीतून तुमच्या पोरांनी लांबट लाकडी पेट्या आणल्या, खाली उतरवल्या आणि वर पोती रचली. धुवायच्या पावडरीला असला वास येत नाही, हे लॉन्ड्रीतल्या बायकांना सांगावं लागत नाही.

मी तुमच्या इथल्या म्होरक्याला गाठलं. तो चष्मेवाला. पूर्वी शाळेत भूगोल शिकवायचा, अजूनही समोरच्याला फळ्यापाशी उभं केल्यासारखा बोलतो.

"कसल्या पेट्या आहेत?"

"सामान आहे, ताई."

"कोणाचं?"

"संघटनेचं."

"मग संघटनेच्या घरी ने."

"वरून आदेश आल्याशिवाय एक फळीही हलणार नाही."

"वरून काय येतं ते आम्ही रोज ऐकतो, बाबा. तुझा आदेश त्याच्या आधी येईल का, तेवढं सांग."

त्याने चष्मा वर सरकवला आणि नियम सांगितला. फोन शत्रू ऐकतो, कागद कोणीही लिहितो. म्हणून ओळखीच्या नेत्याचा ध्वनिमुद्रित आवाज तीन माणसांसमोर वाजवला जातो आणि तो आवाज सांगेल तोच आदेश. तुझा आवाज त्या नेत्यांमध्ये मोडतो, असं तो आदराने म्हणाला. मी हसले. तो आवाज मी घडवला आहे.

तर धाकट्या, एक मिनिट बोल. "लॉन्ड्रीतल्या पेट्या बाहेर काढा", बस. मेमरी कार्ड भोंग्याकडे दे. मग तुझा पश्चात्ताप मी असा धुऊन, इस्त्री करून देईन की राजधानीत घडी मोडायला कोणी धजणार नाही.

ताई

१३ फेब्रुवारी

धाकट्या,

"मी राजकीय विभागात आहे, साहित्य विभाग स्वतंत्र आहे."

हे तुझं वाक्य मी इस्त्रीच्या टेबलावर सगळ्यांना वाचून दाखवलं. आमच्या इस्त्रीवालीने विचारलं, "साहित्य म्हणजे गोष्टीची पुस्तकं का?" मी म्हटलं, "हो, फटाक्यांच्या गोष्टी." एवढी हसली की चादर करपली.

अरे, आमच्याकडे रंगीत कपड्यांची मशीन वेगळी आणि पांढऱ्यांची वेगळी, ते मी समजू शकते. पण एका संघटनेचं तोंड इकडे आणि हात तिकडे, आणि हात काय करतो ते तोंडाला ठाऊक नाही? ज्या पहाटे हाताने काम केलं, त्या सकाळी टीव्हीवर तोंडच फुललेलं होतं. तेव्हा विभाग आठवले नाहीत.

तू पुढे लिहितोस, "संघर्षाची किंमत सर्वांनी मिळून मोजायची असते." तुझ्या मजल्यावरच्या सर्वांनी किती मोजली ते कळव.

तुला एक बातमी देते, जी तुमच्या पत्रकात वेगळ्या पोशाखात येईल. परवा तंत्रशाळेवर बॉम्ब पडला. आमच्यापासून दोन गल्ल्या. आधी एक आवाज झाला, नेहमीसारखा. शाळेची एक बाजू बसली. लोक धावले, आतून माणसं हाका मारत होती, म्हणजे जिवंत होती. मग जमिनीखालून दुसरा आवाज आला आणि शाळा होती तिथे खड्डा राहिला. तो दुसरा आवाज शत्रूचा नव्हता, धाकट्या. तिच्या तळघरातही तुमचं साहित्य होतं.

शाळेचा शिपाई माणसं बाहेर काढायला गेलेल्यांत होता. दुसऱ्या दिवशी तुमच्या पोरांनी त्याचा फोटो छापून भिंतीवर लावला, खाली "हुतात्मा". त्याची बायको आली. तिने तो कागद नखांनी खरवडून काढला. पोरगा म्हणाला, "वहिनी, हा मान आहे." ती म्हणाली, "तुझ्या बापाला दे." यापेक्षा चांगलं भाषण मी तीस वर्षांत केलेलं नाही.

आता तुझा प्रश्न. "ताई, तुझं वाचन मोठं. इतिहासात अशा संघटनांना कधी पश्चात्ताप झाला का? दाखले दे, मुलाखतीत उपयोगी पडतील." वा! घर जळतंय आणि याला दाखले हवेत.

घे एक दाखला. शंभर वर्षांपूर्वी एका पोरसवदा तरुणाने रस्त्याच्या वळणावर एका राजपुत्राला गोळी घातली. त्यातून जे युद्ध पेटलं त्यात चार साम्राज्यं आणि लाखो माणसं गेली. तो तुरुंगात क्षयाने झिजत असताना त्याला डॉक्टरने विचारलं. त्याचं म्हणणं असं, की या संहाराला मी जबाबदार नाही, युद्ध कसंही झालंच असतं. हाडं सडत होती तरी हेच. तेव्हा तुझं उत्तर तुला मिळालं. तुम्हा लोकांना किंमत खुपते. केलेलं काम खुपत नाही. आणि किंमतही कधी खुपते? लोक कुजबुजू लागले की.

पण मी तुम्हाला दुसरी एक परीक्षा लावते, तिला पुस्तकं लागत नाहीत. ज्याला झाल्या गोष्टीचा पस्तावा होतो तो तीच गोष्ट पुन्हा होणार असेल तर थांबवतो. आमच्या तळघरात ती गोष्ट पोत्यांखाली ठेवलेली आहे. मुलाखतीत रडलास तरी चालेल, नाही रडलास तरी चालेल. पेट्या काढ.

आईने निरोप सांगितला आहे: "त्याला सांग, मी बाळंतिणींच्या खाली आणि तुझ्या सामानाच्या वर झोपते."

ताई

२४ फेब्रुवारी

धाकट्या,

काल तुझी मुलाखत ऐकली. लॉन्ड्रीतली सगळी यंत्रं बंद केली होती. तू म्हणालास, "आमच्या लोकांवर हे ओढवणार हे मला माहीत असतं तर मी त्या कारवाईला विरोध केला असता."

 आई, जी एरवी रेडिओ चालू असताना बडबड करते, तिनेही सगळं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "आवाज त्याचाच आहे ना?"

मी खोटं बोलणार नाही. "माहीत असतं तर" याच्यावर मी एरवी तुला सोलून काढलं असतं. तुला माहीत नव्हतं? पूल ओलांडून माणसं मारल्यावर पलीकडचे हार घेऊन येतील असं वाटलं होतं? इस्त्रीवालीला माहीत होतं. तिने त्याच सकाळी बादल्या भरून ठेवल्या, पाणी जाणार म्हणून. पण तरीही, धाकट्या, त्या वाक्यात तू श्वास घेतलास तो मी शिकवलेला नव्हता. तुझा स्वतःचा होता. रात्री मी ते वाक्य मनात घोळवलं आणि तुझी बहीण असल्याचं मला बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं.

आणि इथे काय झालं ते ऐक. दिवे लागायच्या वेळी चष्मेवाला आला. एकटा. इस्त्रीच्या टेबलाशी स्टूल ओढून बसला.

"ताई, त्यांना माहीत नव्हतं?"

"म्हणतोय तरी तसं."

"मग परिणामांचा पूर्ण विचार केलाय असं आम्हाला सांगितलं होतं, तो विचार कोणी केला होता?"

"मी काय सांगू? भूगोल तुझा विषय. पलीकडे किती विमानं आहेत ते तू मुलांना शिकवायचास."

तो रागावला नाही. माझ्या हातातला उशीचा अभ्रा घेतला आणि त्याच्या घड्या घालत बसला, वाईट घातल्या. मग म्हणाला, "पेट्या मला इथे नको आहेत. तंत्रशाळेत माझे दोन विद्यार्थी होते. पण मी आपल्या मर्जीने हलवल्या तर मला गद्दार म्हणतील, माझ्यासोबतच्या पोरांनाही. आवाज आणून द्या. कालच्यासारखं एक वाक्य. मी रात्रीत तळघर रिकामं करतो."

बघ, तुझ्या अर्ध्यामुर्ध्या पश्चात्तापाने एका माणसाला विचार करायला लावलं. आता थांबू नकोस. भोंगा शुक्रवारी दोन रुग्ण घेऊन तिकडे येतो आहे, शनिवारी परत निघेल. त्याच्या हाती मेमरी कार्ड दे. मसुदा पाठवू नकोस. या वेळी मला काही सुधारायचं नाही.

ताई

१ मार्च

भोंग्याने कार्ड दिलं. त्याला वाटलं होतं आदेश असेल. वाटेत सीमेवर त्याची झडती झाली, त्याने कार्ड तोंडात धरून ठेवलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा दोन तास गप्प बसला बिचारा, आणि कशासाठी?

चष्मेवाल्याला मी बोलावलं. तोही आशेने आला. आणि तुझा आवाज सुरू झाला:

"माझं विधान संदर्भ तोडून वापरलं गेलं. त्या गौरवशाली पहाटेबद्दल संघटनेला कोणताही खेद नाही. आम्ही जनतेच्या आड लपतो हा शत्रूचा अपप्रचार आहे. मी जबाबदारीने सांगतो, कोणत्याही रुग्णालयाच्या कोणत्याही इमारतीत, कोणत्याही तळघरात आमचं काहीही नाही."

बरोबर चार श्वास. सगळे मी शिकवलेले.

चष्मेवाला उठला. दारात म्हणाला, "चुकलंच माझं, ताई." नक्की कशाबद्दल म्हणाला कोण जाणे. संध्याकाळी गाडी आली आणि आणखी पेट्या उतरल्या.

तू सहा दिवस पस्तावलास. आमच्याकडे सर्दी यापेक्षा जास्त टिकते.

तुझा खुलासा मी आईला ऐकवला नाही. तिने विचारलं, मी म्हटलं कार्ड खराब निघालं. पण मी एकटीने ते पुन्हा ऐकलं, आणि मग आणखी एकदा. भाषण नीट ऐकण्याची मला सवय आहे, तुला ठाऊक आहे. तिसऱ्यांदा ऐकताना मी चहाचा कप खाली ठेवला.

पत्र इथेच थांबवते. उद्या ऑपरेशनच्या चादरी खूप आहेत. ऊन चांगलं पडेल असं दिसतं.

ताई

६ मार्च

धाकट्या,

तुझे आभार मानायचे आहेत. तू आदेश पाठवला होतास आणि मी मूर्ख, मला तो ओळखता आला नाही.

सोमवारी सकाळी मी चष्मेवाल्याला आणि त्याच्या दोन पोरांना लॉन्ड्रीत बोलावलं. आम्ही सगळ्या जणी होतो. आई पण खाली आली, खुर्ची घेऊन. मी कार्ड वाजवलं.

"हा आवाज कोणाचा?" मी विचारलं.

"प्रवक्त्यांचा," थोरला पोरगा म्हणाला.

"ओळखीचा आहे?"

"आहे."

"तुम्ही तीन माणसं आहात?"

"आहोत की."

"मग नियम पुरा झाला. काय म्हणाले प्रवक्ते?"

पोरगा चष्मेवाल्याकडे बघू लागला.

"त्यांच्याकडे काय बघतोस? मोठ्याने बोल, यंत्र चालू आहे."

"तळघरात... आमचं काही नाही, असं म्हणाले."

"मग खाली आहे ते कोणाचं?"

"उंदरांचं असेल," इस्त्रीवाली म्हणाली. "हल्ली फार माजलेत."

बायका हसल्या. पोरगा लाल झाला. "मावशी, तुम्हाला कळतंय आम्ही कशाबद्दल..."

"मला काही कळत नाही," मी म्हटलं. "मी चादरी धुणारी बाई. प्रवक्ते सांगतात तुमचं काही नाही. तू म्हणतोस आहे. म्हणजे प्रवक्ते खोटं बोलतात, असं तुझं म्हणणं आहे का? तसं असेल तर नाव घेऊन म्हण. हे दोघे साक्षीला आहेत, मी ते कार्डात घेते आणि राजधानीला पाठवते."

तो आपल्या सोबत्याच्या मागे सरकला. तुम्ही पोरांना किती चांगलं वळण लावलंय! जीव द्यायला तयार, पण नेता खोटं बोलला हे तीन शब्द तोंडातून निघत नाहीत.

चष्मेवाल्याने चष्मा काढला आणि आमच्या धुतलेल्या अभ्र्याला पुसला. एरवी मी ओरडले असते. मग वर्गात विचारावं तसं विचारलं, "ताई, रुग्णालयाच्या आवारात बेवारस सामान ठेवायचं नाही, असा तुमचा काही नियम आहे का?"

"आहे."

"मग नियम पाळा." आणि पोरांना घेऊन फाटकाकडे गेला. जाताना त्याची पाठ मला फार एकटी दिसली.

भोंगा रुग्णवाहिका घेऊन तयार होता. मी त्याला हाकलला. रुग्णवाहिकेतून दारूगोळा नेणं ही तुमची पद्धत, आम्ही तेवढ्या पुढारलेल्या नाही. आमच्याकडे ढकलगाड्या आहेत. एका गाडीत एक पेटी, वर ओल्या चादरींचा ढीग. वाळवणीच्या मैदानावर आम्ही रोज दोऱ्या भरतो, वरून बघणाऱ्याला महिनोन्‌महिने तेच दिसतं: बायका आणि पांढऱ्या चादरी. त्या दिवशी दोऱ्या जरा जास्त भरल्या, एवढंच. मैदानाच्या टोकाला जुनी दगडखाण आहे, पाण्याने भरलेली. चादरींच्या रांगेआडून गाडी तिथवर जायची आणि हलकी होऊन परत यायची.

एकदा उतारावर गाडी कलंडली. पेटी खडकावर आपटली. आम्ही जिथल्या तिथे उभ्या. इस्त्रीवाली म्हणाली, "आवाज ऐकू आला म्हणजे जिवंत आहोत. उचला." मी उचलली. पाठीत भरलेली उसण अजून गेली नाही. मी कामगारांसाठी मोर्चे काढले, मंत्र्यांच्या टेबलावर हात आपटले, पण इतकी घाबरले कधी नव्हते. तुला हे लिहिणार नव्हते. तुझ्या पुढच्या भाषणात "जनतेचं शौर्य" म्हणून येईल. आणलंस तर बघ.

दुपारी तळघर रिकामं झालं. आईने खाली वाकून पाहिलं आणि म्हणाली, "पोती नीट लावा आता. पावडर ओली होते."

ताई

१९ मार्च

धाकट्या,

तुझं पत्र आलं. तुझं अक्षर इतकं वेडंवाकडं मी शाळेतही पाहिलं नव्हतं.

मंगळवारी आमच्यावर बॉम्ब पडला. तू ते बातम्यांत ऐकलं असशीलच, पत्रात त्याचा उल्लेख नाही. पलीकडच्यांना कोणीतरी पेट्यांची जुनी खबर दिलेली असावी, किंवा नसेलही. त्यांना कारण लागतंच असं नाही. बॉयलरची खोली गेली, तीन मशीन गेल्या, इस्त्रीवालीचा हात मोडला. आम्ही जमिनीवर पडून दुसऱ्या आवाजाची वाट पाहत होतो. तो आला नाही. धूळ खाली बसली तर वरच्या मजल्यावरून बाळं रडत होती, सगळी एकदम. मग आई भिंतीला धरून जिना उतरली, आणि उतरताना बॉम्ब टाकणाऱ्यांना, तुम्हाला आणि जिन्याचा कठडा दुरुस्त न करणाऱ्या सुताराला एकाच दमात शिव्या देत होती.

इमारत उभी आहे. तंत्रशाळेसारखी जमिनीत गेली नाही. खाली फक्त साबण होता.

आता तुझं पत्र. चष्मेवाल्याला तुमच्या लोकांनी धरून नेलं आहे. तो सांगतो, "मी प्रवक्त्यांच्या आवाजातला शब्द पाळला." म्हणून चौकशी तुझ्यापर्यंत आली. पेट्या बाहेर काढण्याचा आदेश तू गुपचूप दिलास असा संशय आहे, त्या मुलाखतीमुळे तर जास्तच. तू लिहितोस, "ताई, आईच्या आणि तुझ्या सहीने साक्ष पाठव की हे मी केलेलं नाही. जिवाचा प्रश्न आहे. त्या प्रकाराचा माझ्याशी संबंध जोडला जातोय याचा मला अतोनात पश्चात्ताप होतोय."

हा शब्द मी दीड महिना तुझ्याकडे मागत होते, आणि तू तो शेवटी या कामाला वापरलास! बसस्थानकावरच्या माणसांना मिळाला नाही, तंत्रशाळेतल्यांना नाही, आमच्या शहराला नाही. तुझी आई ज्यामुळे जिवंत राहिली, त्या एका गोष्टीशी आपलं नाव जोडलं गेलं म्हणून तुला पश्चात्ताप होतोय. मी आता तुझ्यावर ओरडत नाही. मला घसा कोरडा करण्यासारखं समोर काही दिसत नाही.

साक्ष देते. तुझ्यासाठी देते, कारण तू मेलास तर आईला रडावं लागेल आणि तिचे डोळे आधीच दुखतात. आणि चष्मेवाल्यासाठी देते, कारण तुमच्यात पश्चात्ताप झालेला मला तेवढा एकच माणूस दिसला. तो भाषण करत नाही, म्हणून तुमच्या लक्षात आला नसेल. ही साक्ष भोंगा दोन ठिकाणी नेईल, तुझ्या राजधानीत आणि इथल्या तुमच्या चौकीवर. शब्द असे आहेत:

"लॉन्ड्रीच्या तळघरातलं सामान मी काढायला लावलं. मी, रुग्णालयाच्या लॉन्ड्रीची मुकादम. बाकीच्या बायकांनी माझं ऐकलं, त्यांचा दोष नाही. प्रवक्त्याने जाहीर सांगितलं की तिथे संघटनेचं काही नाही. इथल्या म्होरक्याने प्रवक्त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला, जसा तुमच्या नियमाप्रमाणे ठेवायला हवा. विश्वास ठेवणं हा गुन्हा असेल तर तसं जाहीर करा आणि त्याला शिक्षा द्या, नाहीतर सोडा. माझ्या भावाने पेट्या काढण्याचा आदेश दिला नाही. मी तो तीनदा मागितला होता. त्याने तो एकदाही दिला नाही, हे मी शपथेवर सांगते. सामान खाणीच्या तळाशी आहे, ज्याला पाहिजे त्याने बुडी मारावी. मला न्यायला यायचं असेल तर सकाळी या, दुपारी आम्हाला ऑपरेशनच्या चादरी असतात."

मी सही केली. कागद आईपुढे ठेवला आणि सगळा वाचून दाखवला. ती म्हणाली, "माझ्या सहीच्या वर माझे शब्द लिही, तुझे नकोत." मी लिहिले. एक वाक्य सांगितलं, थांबली, मी पेन बंद करू लागले तर म्हणाली, "अजून आहे." तिने सांगितलं तसं उतरवलं आहे, एक अक्षरही सुधारलेलं नाही:

"माझ्या मुलाचा यात काही हात नाही. असता तर बरं झालं असतं."